पेट्रोल काहून चढते हे वीरेंद्रलाच काहून माहीत

खमरिया, जबलपूर
रविवार, जेवणं आटोपल्यावर

आदरणीय शालिग्राम भाऊजी,

खमरियाच्या क्वार्टरमधून पुंडलिकचा तुम्हाला आणि माधवीताईला दंडवत. (दंडवत मनातल्या मनात घातला आहे. कंबर धरली आहे. काहून धरली ते पुढं येईलच.) तुमच्या गुडघ्याचं कसं काय? ताई मागं सांगत होती की तुम्ही जिना चढताना एक देव आठवता आणि उतरताना दुसरा. म्हणजे दुखण्यात फरक पडून राहिला आहे, हे चांगलंच लक्षण म्हणायचं. ताईची साखर आटोक्यात असेल अशी आशा आहे. तिला म्हणावं, भावाची काळजी करून गोड खाऊ नको. भाऊ आधीच आंबट झालेला आहे.

तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना हा माणूस पत्र काहून लिहून राहिला? त्याचं कारण असं की आमच्या क्वार्टरची भिंत आणि वीरेंद्रच्या क्वार्टरची भिंत एकच आहे. मी इकडं जोरात शिंकलो तर तिकडून त्याची बायको प्रियंका 'दादा, वाफ घ्या' म्हणते. आणि भिंतीच्या अलीकडं विनता बसलेली असते. मी तुम्हाला फोन लावला की तिला नेमकी तेव्हाच माझ्याशेजारी बसून लसूण सोलायची असते. तेव्हा ही मनातली गोष्ट कागदावरच बरी. विनताला वाटून राहिलं आहे की मी विम्याचं काही लिहितो आहे, म्हणून ती चहासुद्धा विचारत नाही.

आता वीरेंद्र कोण ते सांगतो. आमच्याच कारखान्यात, दुसऱ्या सेक्शनला आहे. वयानं माझ्याहून लहान, केस माझ्याहून जास्त. त्याच्या कुंडीतली कोथिंबीर वाढते, माझ्या कुंडीत फक्त कुंडीच राहते. पण हे सगळं मी सहन केलं, भाऊजी. माणूस शेजारी असला की थोडंफार जळणं होतेच, त्याला कोणी आजार म्हणत नाही. जे सहन झालं नाही ते पेट्रोलचं. गेले काही महिने इथं भाव रोज हलून राहिला होता. सकाळी सहाला नवा भाव लागते; कधी पैशांनी चढते, कधी उतरते, कधी आठवडा आठवडा हलतच नाही आणि मग एकदम उडी मारते. कारखान्यात जाणारी आमची सगळी मंडळी दुचाकीवाली. सकाळी टपरीवर चहा घेताना एकच विषय, भरून घ्यावं की थांबावं. आणि त्या घोळक्याच्या मधोमध, हेल्मेट काखेत धरून, वीरेंद्र. 'काय बड्डे, आज भरवा लें?' असं कोणी विचारलं की (आमच्या जबलपुरात मान द्यायचा असला की माणसाला बड्डे म्हणतात, मला अजून कोणी म्हटलेलं नाही) हा आधी चहाचा एक घोट घेते, मग आकाशाकडं पाहते, जणू काय तेल ढगातून पडून राहिलं आहे, आणि मग म्हणते, 'मैंने तो कल ही फुल करा ली.' आणि भाव खरंच चढलेला असते! लोक त्याच्याकडं जसे पाहतात, तसं माझ्याकडं माझ्या लग्नातसुद्धा कोणी पाहिलं नव्हतं.

तरीही मी चहा पिऊन निघून जात होतो. पण मग हे प्रकरण माझ्या स्वयंपाकघरात शिरलं. तुम्हाला माहीतच आहे की विनता कारखान्यातल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना डबे देते. भाजी स्वस्त पडावी म्हणून शहराबाहेरच्या पनागरहून आणते, डबे पोचवायला स्कूटी लागते, म्हणजे पेट्रोल चढलं की तिची कढईच तापते. तिनं ठरवलं की डब्याचा भाव थोडा वाढवायचा. पण पोरं विचारतील ना, भाभी, काहून वाढवला? त्यांना पेट्रोल चढलं म्हणून सांगितलं तर ती विचारतील, पेट्रोल काहून चढलं? आजकालची पोरं, एका 'काहून'वर थांबत नाहीत. म्हणून तिनं संध्याकाळी मला विचारलं, 'अहो, हे पेट्रोल काहून चढून राहिलं?' मी पेपर वाचत होतो. मी म्हटलं, 'सरकार.' ती म्हणाली, 'मग मागच्या महिन्यात उतरलं होतं ते?' मी म्हटलं, 'तेही सरकार.' यात मी काय चूक बोललो ते मला अजून कळलं नाही. पण ती पदर खोचून अंगणात गेली आणि कुंपणावरून तिनं तोच प्रश्न वीरेंद्रला विचारला.

भाऊजी, मी खिडकीतून सगळं ऐकलं. सांगायला जिवावर येते, पण त्या माणसानं फार छान सांगितलं. म्हणाला, वहिनी, तुमचा डबाच घ्या. मटार शेतात काय भावानं मिळते, तो झाला कच्च्या तेलाचा भाव. तो जगाच्या बाजारात ठरते, तिथं लढाई झाली, कोणी विहिरी कमी चालवल्या की चढते. आपलं बहुतेक तेल बाहेरून येते आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात, म्हणून तिकडं भाव तोच राहिला आणि इकडं रुपया पडला तरी आपल्याला महागच. मग मटार सोलायचा, शिजवायचा, तो झाला कारखान्यात तेल शुद्ध करण्याचा खर्च. मग डबा पोचवायचा, ते भाडं. पंपवाल्याचं थोडं कमिशन. आणि या सगळ्यावर दोन कर, एक दिल्लीचा, एक भोपाळचा. दिल्लीचा लिटरमागं ठरलेला असते. भोपाळचा बराचसा टक्क्यावर चालते, म्हणजे मूळ भाव चढला की तोही सोबत चढते. विनता म्हणाली, 'बाप्पा! म्हणजे मटारापेक्षा डब्यालाच जास्त पैसे?' तो म्हणाला, 'जवळजवळ तसंच, वहिनी.' आणि दोघं हसले. माझ्याशी बोलताना विनता 'बाप्पा' शेवटचं कधी म्हणाली, ते मला आठवत नाही. म्हणाली असेल तर वीजबिल पाहून.

त्या संध्याकाळी भाजीला मीठ कमी होतं. मी वरून घेतलं. ती मात्र मला पोळी वाढता वाढता कच्चं तेल, रुपया, डॉलर असं सगळं सांगत होती. आणि दर दोन वाक्यांनी 'वीरेंद्रभाऊ म्हणाले'. मी म्हटलं, मला माहीत होतं हे सगळं. ती म्हणाली, मग सांगितलं काहून नाही? मी आणखी एक पोळी घेतली.

मग मी अभ्यासाला लागलो. हसू नका. मॅट्रिकला केला नव्हता एवढा केला. कच्च्या तेलाचा भाव मोबाईलवर पाहायचो, रुपयाचा भाव पाहायचो, कोणत्या राज्यात काय कर आहे ते पाहायचो. त्यात मला हेही कळलं की तुमच्या नागपुरात पेट्रोल आमच्यापेक्षा स्वस्त आहे. तुम्ही हे मला इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाही! दरवर्षी संत्री पाठवता, संत्र्यांसोबत ही एक ओळ लिहून पाठवायला काय झालं होतं? नागपूरहून येणारे लोक महाराष्ट्रातच टंकी फुल करून मध्य प्रदेशात शिरतात, आणि आमच्या घरी येऊन चहा पितात, आणि तोंडातून शब्द काढत नाहीत. तेलही तेच, गाडीही तीच, फक्त एक सीमा ओलांडली की राज्याचा कर बदलते. ताईनं नागपूरचं स्थळ पसंत केलं तेव्हा घरात सगळे म्हणाले होते की पोरगी लांब चालली. कोणाला काय ठाऊक की पोरगी स्वस्तात चालली. (राग मानू नका. मी आजकाल सगळ्यांवरच जळून राहिलो आहे, त्यात तुमचा नंबर बराच खाली आहे.)

एवढा अभ्यास झाल्यावर मी योग्य वेळेची वाट पाहू लागलो. ती वेळ आली बुधवारी, ओमतीच्या बाजारात. अर्धी सुट्टी टाकून विनताच्या मोठ्या कुकरची रबर आणायला गेलो होतो. दुकानात टीव्ही लागला होता आणि खाली पट्टी पळत होती, कच्चं तेल कोसळलं. कोसळलं, भाऊजी! घसरलं नाही, कोसळलं. रबर चुकीच्या मापाची घेऊन (हे नंतर कळलं) मी सरळ टपरीवर आलो. कारखाना सुटून मंडळी जमली होती आणि वीरेंद्र अजून यायचा होता. मी हेल्मेट काखेत धरलं. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी मी चहाचा घोट घेऊन आकाशाकडं पाहिलं आणि म्हणालो, 'कोई मत भरवाना. शनिवार तक रुको. भाव गिरेगा.' आमच्या सेक्शनचा गणपत, ज्याच्या टंकीचा काटा कायम तळाला असते, म्हणाला, 'पक्का, पुंडलिक?' मी म्हटलं, 'कच्चा तेल गिर गया है, गणपत. कच्चा गिरा तो पक्का गिरेगा ही.' लोक हसले. वाहवा करून हसले. दोघातिघांनी मान डोलावली. गणपत तर पंपाकडं निघालेला होता, तो गाडी वळवून घरी गेला. भाऊजी, त्या दिवशी मी घरी गेलो ते स्कूटीवरून गेलो की तरंगत गेलो, मला सांगता येणार नाही.

गुरुवारी भाव हलला नाही. मी म्हटलं, शनिवार म्हटलं आहे मी. शुक्रवारी हलला नाही. गणपतची गाडी कारखान्याच्या फाटकाच्या थोडी अलीकडं बंद पडली, त्यानं उरलेला रस्ता ढकलला, उशीर झाला, बोलणी खाल्ली. संध्याकाळी टपरीवर तो माझ्याकडंच पाहत राहिला. शनिवारी सकाळी सहाला नवा भाव लागला आणि तो चढला होता. थोडाच. पण चढला होता! मी मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला. भाव चढलेलाच. त्या दिवशी मी टपरीवर गेलो नाही, पोट दुखते म्हणून सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

आता कोणीही शहाणा माणूस शनिवारी मुकाट्यानं पंपावर जाऊन भरून आला असता. मला जमलं नाही. चढलेल्या भावानं भरणं म्हणजे वीरेंद्रला हात जोडणं, असं मला वाटून राहिलं होतं. मागच्या रविवारी विनता म्हणाली की पनागरला मटार फार छान आला आहे, चला. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, पेट्रोल आहे ना? मी म्हटलं, आहे. (होतं. टंकी हलवली की आवाज येत होता.) जाताना काही झालं नाही. मटाराचं पोतं घेतलं, पायापाशी ठेवलं, परत निघालो. पनागर मागं पडलं, आणि रस्त्याच्या मधोमध, जिथं ना झाड ना दुकान, स्कूटीनं दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली.

विनता उतरली. तिनं टंकी उघडून आत पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. तेव्हाची नजर मी तुम्हाला लिहून सांगू शकत नाही. तुम्ही ताईची नजर आठवा आणि त्यात थोडी मिरची घाला. पण ती ओरडली नाही. पदर खोचला आणि मागून ढकलू लागली. मी पुढून हँडल धरून, ती मागून, आणि मधे ते पोतं. ऊन चढलेलं. शेवटी ती म्हणाली, 'शनिवारी उतरणार होतं ना?' मी म्हटलं, 'रुपया पडला असेल.' ती म्हणाली, 'रुपया पडला असेल तर शोधा, इथंच कुठं पडला असेल.' आणि मग, भाऊजी, तिला हसू आलं. मलाही आलं. कंबर तेव्हाच धरली, हसताना.

एवढ्यात मागून हॉर्न वाजला. मी न पाहताच ओळखलं. वीरेंद्र. तोही मटार आणायला गेला होता. (टंकीवर बांधलेलं त्याचं पोतं माझ्या पोत्यापेक्षा मोठं होतं.) त्यानं मोटारसायकल थांबवली आणि म्हणाला, 'दादा, वहिनीला माझ्यामागं बसू द्या, तुम्ही गाडीवर बसा, मी पायानं ढकलतो पंपापर्यंत.' मी म्हटलं, गरज नाही, पंप जवळच आहे. विनता म्हणाली, 'कुठं जवळ?' आणि बसलीसुद्धा. मग आमची वरात निघाली. मी पुढं, बंद स्कूटीवर हँडल धरून, पायापाशी पोतं. मागं वीरेंद्र, त्याचा डावा पाय माझ्या गाडीच्या मागच्या पायदानावर. त्याच्यामागं विनता, 'हळू, हळू' म्हणत. माझी गाडी, माझी बायको, आणि दोन्ही वीरेंद्रच्या भरवशावर! आणि वाऱ्यावरून मला काय ऐकू यावं? विनता त्याला विचारत होती की कच्चं तेल उतरूनही पेट्रोल काहून चढलं, आणि तो सांगत होता. म्हणे भाव एका दिवसाच्या बाजारावर ठरत नाही, मागच्या काही दिवसांची सरासरी धरतात, म्हणून तिकडं आज पडलं तरी इकडं लगेच पडत नाही. आणि त्यात रुपया खरंच घसरला होता. आणि कधी तर असंही होते की तिकडं स्वस्त झालं की इकडं कर वाढते, म्हणजे आपल्यापर्यंत काही पोचतच नाही. माझ्याच फजितीचं कारण, माझ्याच बायकोला, माझ्याच गाडीला लाथ मारत मारत! मी मान वळवून 'मला माहीत आहे' असं ओरडणार होतो, पण मान वळवली की गाडी वळत होती.

आणि पंपावर कोण होतं? सगळे. ज्यांना मी थांबायला सांगितलं होतं ते सगळे, रविवारची सुट्टी साधून रांगेत. गणपत सगळ्यात शेवटी. आम्ही पंपात शिरलो तेव्हा वीरेंद्रनं शेवटचा एक धक्का दिला आणि मी आपोआप सरकत सरकत गणपतच्या गाडीमागं जाऊन उभा राहिलो. गणपत म्हणाला, 'आओ पुंडलिक. कच्चा नहीं है यहाँ, पक्का ही मिलेगा.'

घरी आल्यावर प्रियंकानं आम्हाला चहाला बोलावलं. वीरेंद्र आत पोतं ठेवायला गेला होता. मी सहज (खरं म्हणजे अजिबात सहज नाही) विचारलं, 'प्रियंका, वीरेंद्रला भाव चढणार हे आधीच कसं कळते ग?' ती म्हणाली, 'कळते कुठं, दादा! ते दर सोमवारी टंकी फुल करतात. लग्न झाल्यापासून बघते आहे. भाव चढला की मंगळवारी टपरीवर जातात. उतरला की मागच्या रस्त्यानं कारखान्यात जातात, टपरी टाळून.' भाऊजी! चहा माझ्या नाकात गेला. म्हणजे हा माणूस कधीच काही ओळखत नव्हता! फक्त चुकला की दिसत नव्हता! मी घरी येऊन विनताला सांगितलं. ती म्हणाली, 'मग काय झालं? कारणं तर खरी सांगतात ना?' पण मला कारणांशी काय देणंघेणं. मी सोमवार उजाडायची वाट पाहू लागलो. काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. हिंदीतून पाहिलं, मराठीतून पाहिलं. हिंदीतून जास्त लागत होतं.

सोमवारी टपरीवर गेलो. सगळे होते, वीरेंद्रही होता. मला पाहताच गणपत सुरू झाला. म्हणाला, या माणसाच्या नादानं मी बोलणी खाल्ली, याला काही समजत नाही तर बोलते काहून. आणखी दोघंतिघं त्याच्या मदतीला आले. मी तोंड उघडलं, माझं सगळं भाषण ओठावर आलेलं होतं, आणि मी वीरेंद्रकडं बोट करणार, एवढ्यात वीरेंद्रच बोलला. म्हणाला, 'गणपत भैया, पुंडलिकदादा का हिसाब सही था. कच्चा सच में गिरा था. रुपया फिसल गया, इसमें उनकी क्या गलती? मैं होता तो मैं भी यही कहता.' गणपतनं माझ्यासाठी चहा सांगितला. आणि मी? माझं बोट अर्ध्यावर आलेलं होतं. ते मी कानाकडं नेलं आणि कान खाजवला. आता तुम्हीच सांगा, असा माणूस शेजारी असला तर करायचं काय? केसात पुढं, कोथिंबिरीत पुढं, आता चांगुलपणातही पुढं! त्याला उघडं पाडायची एकच संधी माझ्या आयुष्यात आली होती आणि त्यानं माझी बाजू घेऊन तीही हिसकावून नेली.

गाडीकडं जाताना तो माझ्यासोबत चालला. हळूच म्हणाला, 'दादा, एक बोलू? काल तुम्ही दोघं गाडी ढकलत होता ना, मी लांबूनच पाहत होतो. थांबून राहिलो थोडा वेळ. तुम्ही हसून राहिले होते. वहिनी मागून ढकलत होत्या आणि हसत होत्या. माझी गाडी अशी बंद पडली असती तर प्रियंका आधी ऑटोत बसली असती आणि मग माझ्याशी बोलणं बंद केलं असतं.' आणि थोडा थांबून म्हणाला, 'तुमचं बरं आहे.'

इतक्या वर्षांत माझ्यावर कोणी जळलं असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. खरं सांगतो, बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी कारखान्यात दोन वेळा विनाकारण हसलो आणि सुपरवायझरनं तब्येत विचारली. संध्याकाळी विनता मटार सोलत बसली होती, मीही बसलो. (इतकी वर्षं झाली लग्नाला, पहिल्यांदा मटार सोलला. अर्धा खाल्ला.) मी म्हटलं, 'तुला वीरेंद्रचं बोलणं फार आवडते ना?' ती सोलत सोलतच म्हणाली, 'मला कारण पाहिजे होतं. वीरेंद्रभाऊ नको होते. तुम्ही "मला माहीत नाही, चल आपण पाहू" असं म्हटलं असतं ना, तरी मला चाललं असतं. तुम्ही पेपरातून मान वर केली असती तरी चाललं असतं.' मी उठून कागद-पेन घेऊन आलो. नंतर आम्ही दोघांनी बसून डब्याचं गणित केलं, मी माझा सगळा अभ्यास तिला सांगितला आणि तिनं त्यातलं अर्धं सुधारलं. दुसऱ्या दिवशी तिनं पोरांना भाव वाढवून सांगितला. पोरांनी विचारलं, 'काहून?' तिनं कच्च्या तेलापासून सुरुवात केली. रुपयापर्यंत येता येता पोरं म्हणाली, 'ठीक है भाभी, ठीक है, दे देंगे.'

तर असं झालं, भाऊजी. आता माझ्या मनात वीरेंद्रविषयी काहीही नाही. माणूस खरंच चांगला आहे. काल त्यानं कोथिंबिरीची एक जुडी आणून दिली, मी ती हसत हसत घेतली आणि आमटीत घातली. वासही बरा होता. गुडघ्याला तेल लावत जा, ताईला नमस्कार सांगा, आणि दोघं एकदा येऊन जा.

तुमचा,
पुंडलिक

ता. क. ताई म्हणत होती की तुम्ही तुमची जुनी कार विकायला काढली आहे. मला ती नको, भाऊजी, मला परवडणार नाही आणि मला चालवताही येत नाही. एवढंच सांगायचं होतं की वीरेंद्र सध्या जुनी कार शोधून राहिला आहे. ती त्याला देऊ नका. नागपुरात कोणालाही द्या, फुकट दिली तरी माझी हरकत नाही. आमच्या अंगणासमोर रोज सकाळी ती उभी दिसली तर माझ्यानं पाहवणार नाही. खरं सांगायचं तर हे सगळं पत्र यासाठीच लिहिलं.

ता. क. दोन. त्यानं तुमचा नंबर मागितला होता. मी दिला. घाईत शेवटचा आकडा चुकला असावा.

ता. क. तीन. पाकीट चिकटवणार होतो एवढ्यात कळलं की त्यानं बरोबर नंबर विनताकडून घेतला. म्हणजे हे पत्र पोचण्याआधीच त्याचा फोन येऊन गेलेला असेल आणि तुम्ही 'हो' म्हणून बसले असाल. ठीक आहे. मग एवढं तरी करा, ठरला त्यापेक्षा भाव थोडा चढवा. काहून चढला असं त्यानं विचारलं, तर रुपया पडला म्हणून सांगा.